पेन्सिलीच्या गाठी

३ तारीख, सोमवार

आज कामाला लागले. जनावरांचा दवाखाना आहे आणि मागची खोली मला राहायला दिलीय. खिडकी आहे, नळ आहे, नळाला पाणीही आहे. आणखी काय पाहिजे? लेकीकडे चार महिने काढले. जावई तोंडाने कधी काही बोलला नाही, पण मी बसले की तो उठायचा. इथे माझी खुर्ची माझी.

डॉक्टर माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठे, पण मला मावशी म्हणतात. म्हणेनात का. वही त्यांनीच दिली. माझं अक्षर बघून म्हणाले, रोज थोडं लिहीत जा, सुधारेल. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून सही सोडली तर हातात पेन धरलं नव्हतं. आता धरलंय.

४ तारीख, मंगळवार

इथे गाठींचंच काम जास्त. कुणाच्या कुत्र्याच्या कुशीत, कुणाच्या मांजरीच्या पोटाशी. डॉक्टर आधी बोटांनी चाचपतात. कातडीखाली सरकली तर बहुतेक चरबीची. बुडाशी चिकटून बसलेली असली की त्यांचा चेहरा उतरतो. पण नुसत्या हाताला कळत नाही म्हणतात, म्हणून सुई टोचून आतलं थोडं काढायचं, काचेवर पसरायचं, भिंगाखाली बघायचं. शंका असली तर मोठ्या तपासणीला पाठवायचं.

माझं काम जनावर धरायचं, गाठीवरचे केस कापायचे आणि कागद भरायचा. कागदावर जनावराचं चित्र छापलेलं असतं. जिथे गाठ तिथे गोल काढायचा, शेजारी माप लिहायचं. पेन्सिलीनेच, कारण गाठ वाढते, घटते.

आणि शंकेचं जनावर रिपोर्ट येईपर्यंत घरी सोडायचं नाही. लोक घेऊन जातात ते परत फिरकत नाहीत. त्यासाठी वेगळी खोली आहे. आज एक बाई कुत्र्याला न्यायचंच म्हणून हटून बसली. मी सांगितलं, रडायचं तर बाकावर बसून रडा, कुत्रं मिळणार नाही. डॉक्टर म्हणाले, अशीच बाई हवी होती मला.

६ तारीख, गुरुवार

घोळ केला. कागदावर दोन कुत्री छापलेली असतात, एक डाव्या अंगाचं, एक उजव्या. भुरं कुत्रं माझ्याकडे तोंड करून उभं होतं. त्याचं डावं ते माझं उजवं, हे डोक्यातच आलं नाही. गाठ डावीकडे, लिंबाएवढी. मी गोल काढला उजव्या चित्रावर.

दुपारी डॉक्टर सुई घेऊन आले, कागद बघितला आणि उजवीकडे हात घातला. गाठ तिथेच होती. केसांच्या आत. डावीकडे मीच कात्रीने भादरलेली जागा, आणि ती तळहातासारखी सपाट.

मी कात्री पुसत उभी राहिले. ते कागदाकडे बघत राहिले.

७ तारीख, शुक्रवार

सकाळी ती चूक सुधारायला घेतली. उजवीकडचा गोल खोडला आणि डावीकडे काढणार तेवढ्यात एका शिंप्याने तपासायला आणलेल्या मांजरीने टेबलावरून उडी मारली. तिला धरून परत येईपर्यंत भुऱ्या कुत्र्याला गाठच नव्हती. ना डावीकडे ना उजवीकडे. डॉक्टरांनी किती वेळ चाचपलं. मालक नाचत घरी गेला.

आंघोळीला बसले तर माझ्या उजव्या कुशीत गाठ. लिंबाएवढी. काल नव्हती.

१० तारीख, सोमवार

शिंपी एकटा आहे. मांजरीच्या जबड्याला गाठ, बुडाशी चिकटलेली. तो नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवतो. मला बघवेना. शिवाय खरं काय ते बघायचंही होतं. खोडला गोल.

मांजर तासाभरात खायला लागली. माझा जबडा सुजला.

डॉक्टरांनी मला दिव्याखाली बसवून अंगठ्याने दाबून बघितलं. त्यांना नवल वाटलं नाही. कपाटातून एक कागद काढला. त्यावर बाईचं चित्र होतं. छापलेलं. आधीपासून. त्यावर दोन गोल काढले, माप लिहिलं, आणि हळूच म्हणाले, "मावशी, रिपोर्ट येईपर्यंत बाहेर सोडता येणार नाही."

१३ तारीख, गुरुवार

वेगळ्या खोलीत आहे. कडी बाहेरून. दाराला खाली फट, तिथून जेवण सारतात आणि जनावरांचे कागदही. म्हणाले, आधी त्यांचे गोल खोडा, मग तुमचे मी खोडतो. मी खोडले. आज पाच.

माझा कागद समोर खिळ्याला टांगलाय. माझा एक गोल मीच खोडून बघितला. गाठ गेली आणि दुसऱ्या कुशीत उठली. कागदावर गोलही तिथेच, आपोआप. मग कोपरा जरासा फाडला. पायाच्या करंगळीचं नख मुळासकट आलं. आता त्या कागदाला हात लावत नाही.

बाहेर लोक डॉक्टरांचे पाय धरतात. ऐकू येतं.

१७ तारीख, सोमवार

रिपोर्ट आला. नमुना अपुरा, पुन्हा पाठवा.

पुन्हा सुई. मी म्हटलं, माझे गोल कधी खोडणार? बोलता येत नाही नीट, जबडा उघडत नाही, पण त्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. जो खोडतो त्याच्याकडे जाते. या माणसाने जन्मात खोडरबर हातात धरलं नाही. गोल काढतो फक्त.

उद्यापासून खोडणार नाही.

१९ तारीख, बुधवार

नाही खोडले. फटीतून कागद आले, जेवण नाही. आजही नाही.

२० तारीख, गुरुवार

खोडले. तीन. मग भाकरी आली.

गुडघ्यात गाठ, पाय सरळ होत नाही. बोटांत आहे. अक्षर कसलं सुधारतंय. चौदा गोल झाले माझ्या कागदावर. अजून सगळ्या हलतात. दाबलं की सरकतात. रिपोर्ट पुन्हा अपुरा.

२२ तारीख, शनिवार

लेक आलीय. बाहेर.

तिचाच आवाज. फोन लागत नाही म्हणून आली. आई कुठाय विचारते. तो डॉक्टर गोड बोलतो, आजारी आहे, पण बरी होईल, घरचं कुणी कागदावरचं एवढं खोडलं तर—

ओरडले. जा म्हणून ओरडले. नुसतं घुं घुं झालं. तिने ते ऐकलं. वाईट झालं ते.

"काढा ती कडी. आई आहे माझी ती."

ती खोडणार. सगळे खोडणार. माझ्यासारखीच आहे, सांगून ऐकायची नाही. चौदाच्या चौदा तिच्या अंगावर—

कागद काढून घेतला खिळ्यावरून. फाडता येत नाही. लपवायला जागा नाही.

पेन. पेनाचं खोडलं जात नाही.

गिरवतेय. कुशीतली झाली. गिरवली की ती हलायची थांबते. आत जाऊन बसते, बुडाशी. दुखतं. दुखू दे.

तो म्हणतोय हे घ्या खोडरबर. किल्ली शोधतोय. कडीला कुलूप होतं, मला माहीतच नव्हतं.

नऊ झाल्या. गुडघा. काख. जबडा.

तेरा.

गळ्याची राहिली. ती गिरवली की श्वास—

कुलूप निघालं.

पोरी मागे हो. मी गिरव—