रिफंडचा मूळ अर्थ

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. सूरजची, म्हणजे आमच्या चिरंजीवांची, कॉलेजातली जाडजूड इंग्लिश डिक्शनरी रद्दीत चालली होती. मी वाचवली. प्रत्येक शब्दाखाली बारीक अक्षरात त्याचं मूळ दिलंय. एकतीस वर्षं उद्यमबागेत फाउंड्रीत डिस्पॅच बघतोय, पण फाउंड्री म्हणजे काय ते आज कळलं. मूळ लॅटिन. अर्थ, ओतणे. लगेच शेडमध्ये जाऊन सांगितलं. भट्टीवरचा भरमू म्हणाला, मग इतकी वर्सं आमी काय चपात्या लाटायलोय व्हय? अडाणी.
संकल्प: रोज एक मूळ. रिटायर व्हायच्या आत पुस्तक.

४ फेब्रुवारी
कन्फ्यूज, म्हणजे एकत्र ओतणे. त्याच घराण्यातला. फनेल, आपलं नरसाळं, तेही त्यातलंच! जेवताना हिला म्हणालो, तू भातावर आमटी आणि ताक एकदम ओतलंस, हे खरं कन्फ्यूजन. ही म्हणाली, गप गिळा. घरात विद्येची कदर नाही.

५ फेब्रुवारी
वाचन झालं नाही. लग्नाचं जेवण होतं. संकल्प मोडला नाही, पुढं ढकलला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
पुण्याच्या पार्टीनं चाळीस कास्टिंग परत पाठवली. आत हवेची भोकं. मालक विनयअण्णा निपाणीला गेलेत. जाताना सांगून गेले, माल वितळवून परत ओतून देतो असा मेल टाका. डिक्शनरी उघडली आणि काय सांगू, अंगावर काटा आला. रिफंड! रि म्हणजे परत, फंड म्हणजे तेच आपलं ओतणे. परत ओतणे!
प्रियदर्शनीला (आमची कॉम्प्युटर ऑपरेटर, मच्छे गावची पोरगी) मेल सांगितला. वी विल रिफंड ऑल फोर्टी पीसेस. ती थांबली. म्हणाली, काका, रिफंड म्हंजे पैसे परत की ओ. मी म्हणालो, तो आत्ताचा बाजारू अर्थ, मूळ बघ. तिनं वाचलं आणि म्हणाली, हितं बॅक लिवलंय, अगेन न्हाय. मी म्हणालो, दोन्हीला मराठीत परतच म्हणतात, तू टाइप कर. शेवटी माझी खास ओळ घातली: शब्दाच्या प्राचीन व खऱ्या अर्थाने. तिनं पाठवला.
तिच्या वयाला एवढं कुठलं समजायला.

८ फेब्रुवारी, शनिवार
घात झाला. पार्टीचा सकाळी फोन आला. रिफंड मंजूर, आभारी आहोत, ऑर्डर दुसरीकडं दिली. विनयअण्णा तरातरा बाहेर आले. मेल कुणी टाइप केला? प्रियदर्शनी उभी राहिली आणि म्हणाली, मी. मग तिनं माझ्याकडं बघितलं. मी गेटपासचं बुक उघडलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. अण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, सोमवारपास्नं हिकडं येऊ नको. तिनं डबा पिशवीत घातला आणि गेली.
आता बघायला गेलं तर टाइप मी केलेलं नाही, हे खरंच आहे.
लाज वाटते. लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार
संकल्प: उद्या पावणेनऊला केबिनमध्ये जाऊन सगळं सांगणे. आजही सांगता आलं असतं, फोन आहे. पण असल्या गोष्टी फोनवर बऱ्या दिसत नाहीत.
हिला थोडंसं सांगितलं. नाव वगळून. ही म्हणाली, पोरीच्या पोटावर पाय देणारा कोण ओ तो, त्याच्या तोंडाला काळं फासाय पायजे. मी दुसरी भाकरी घेतली नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
८.४५. अण्णांचा मूड वाईट.
११.१५. मूड चांगला. मग बिघडवा कशाला.
४.००. अण्णा बाहेर गेले. सुटलो.
तिच्या खुर्चीवर दिवसभर कुणी बसलं नाही. मी तिकडं पाठ करून बसलो. मान दुखतेय.

१२ फेब्रुवारी, बुधवार
हाफ डे टाकला. आधी तिची माफी मागायची, मग अण्णांना सांगायचं, हा क्रम योग्य. एक डझन केळी घेऊन मच्छेची बस धरली. तिचे वडील दारात म्हशीला पाणी दाखवत होते. म्हणाले, कुणाकडं आलायसा पावणं? तोंडातनं निघून गेलं, रवळूचं घर कुठलं? असा कुणीही माझ्या ओळखीचा नाही. पण गावात एक रवळू निघाला. वडील स्वतः सोडायला आले. मला त्यांच्यासमोर त्या रवळूच्या घरी बसावं लागलं, चहा घ्यावा लागला. केळी तिथंच दिली.
शरम वाटते या वयात.

१३ फेब्रुवारी
डिक्शनरी कपाटावर टाकली. अर्थ बास झाले.

१५ फेब्रुवारी, शनिवार
सांगितलं. सगळं सांगितलं. मेल माझा, शब्द माझा, पोरीनं दोनदा अडवलं, आणि ती उभी असताना मी खाली मान घातली. तिला परत घ्या, मला काढा, असंही म्हणालो.
अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मारुतीराव, तिला काढलो त्याच दिवशी दुपारी मेल मी उघडून वाचलोय. प्राचीन व खऱ्या अर्थानं असं लिवणारा आपल्या हापिसात दुसरा कोण हाय ओ? लगेच तिला फोन करून, चुकलं माझं म्हटलं. सोमवारपास्नं ती मच्छेच्या आपल्या दुसऱ्या युनिटला परचेस बघाय लागलीय.
मी विचारलं, मग मला त्याच दिवशी बोलवून झाडलं का नाही?
अण्णा म्हणाले, बोलवणारच होतो. तीच फोनवर म्हणाली, नको अण्णा, बोलवू नका. काका आपण होऊन येतील, संध्याकाळपर्यंत येतातच बघा. म्हणून त्या दिवशी साडेसातपर्यंत केबिनमध्ये बसून होतो.
त्या शनिवारी मी पाव तास आधीच सुटलो होतो. न्हाव्याकडं कटिंग करायची होती.