इटारसीचा चहा

पिंप्राळा, जळगाव
मार्गशीर्ष, ऐन भरिताचा मोसम

तीर्थस्वरूप झुलालनाना यांचे चरणी भाचा अमृत याचा साष्टांग नमस्कार (आठ अंगांपैकी गुडघे डॉक्टरांच्या सांगण्यावरून वगळले आहेत, उरलेली अंगे पोचती करून घ्यावीत). इकडे सर्व क्षेम. आपली प्रकृती, यशोदामामींचा दुखरा खांदा, केळीचे घड आणि विहिरीचे पाणी ही सर्व मंडळी रावेरला जिथल्या तिथे असतील अशी आशा करतो. फोन न करता पत्र का, असे आपण मामींना विचाराल. फोनवर पहिले वाक्य मी बोलतो आणि बाकीचा सगळा फोन आपण बोलता, हा अनुभव जुना आहे. पत्राला मध्येच "ते जाऊ दे, ऐक" असे म्हणता येत नाही. आणि या खेपेस मला संतापायचे आहे, तेही सलग.

गेल्या रविवारी धुळ्याला स्वतंत्र कादंबरीकारांचा मेळावा झाला. (ज्यांना कोणी प्रकाशक छापत नाही आणि जे स्वतःच स्वतःला छापून घेतात, त्यांना हल्ली स्वतंत्र म्हणतात. इतके गोड नाव आमच्या अलंकारशास्त्रातही कोणाला सुचले नव्हते.) विषय होता 'माझी प्रेरणा आणि आगामी कादंबरी'. मला आमंत्रण आले तेव्हा मी ते दोनदा वाचले, कारण पत्त्यावर 'कादंबरीकार' असे लिहिले होते. नाना, आपणास ठाऊक आहे, जळगावात मला सगळे 'संस्कृतचे सर' म्हणतात. माझ्या आधीच्या दोन कादंबऱ्या मुद्रितशोधकाखेरीज कोणी वाचलेल्या नाहीत, आणि मुद्रितशोधक मीच होतो. आपली भाचेसून दिपमाला म्हणते की तिनेही वाचल्या. पण दुसऱ्या कादंबरीतली नायिका शेवटी कोणाला वरते, हे मी सहज विचारले तेव्हा ती कुकरची शिटी ऐकायला गेली. तेव्हा ही तिसरी, 'रंभाप्रयाण', हीच मला कादंबरीकार म्हणवून घेण्याची शेवटची संधी. ती कोणाच्या जिवावर उभी आहे हे आपणास सांगायला नको.

तरी सांगतो, कारण आपणास विसर पडला असेल असा मला दाट संशय आहे. आपल्या मळ्यात भरीत होते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, मामी हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात घालून ती ठेचतात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी तळली जाते, आणि जो पाहुणा तिसऱ्यांदा भरीत मागून घेतो त्याला आपण विहिरीच्या कठड्यावर घेऊन जाता. मलाही नेलेत. ऊन उतरले होते. आपण खाली पाण्याकडे बघत म्हणालात, "अमृत, हाई गोट मी आजलोंग कोनलेच सांगेल नही शे. तुलेच सांगस." (शिंदखेडा सोडून रावेरला स्थायिक होऊन आपणास इतकी वर्षे झाली, पण खाजगी बोलायचे म्हटले की आपली अहिराणीच पुढे येते. म्हणूनच तर माझा विश्वास बसला.) मग आपण तरुणपणी केळीच्या वॅगनबरोबर राखणीला दिल्लीपर्यंत गेल्याची कथा सांगितलीत. खंडव्याच्या पुढे केळीच्या पानांखालून एक बाई उठून बसली. ती कोण, कुठली, काही सांगेना. ती केळी खात राहिली, आपण बघत राहिलात. इटारसीला आपण तिच्यासाठी चहा आणायला उतरलात, आणि दोन्ही हातांत चहा असताना गाडी निघून गेली. ती बाई आपण पुन्हा कधीच पाहिली नाही. एवढे बोलून आपण पुन्हा असे पाण्याकडे वळलात की मी उठून आपल्या पाठीवरून हात फिरवला. पुढचे पुढच्या भरिताला सांगेन म्हणालात, आणि पुस्तक जाहीर होईस्तोवर कोणापाशी बोलणार नाही, अशी कानबाई देवीची आण घ्यायला लावलीत.

ती आण मी पाळली, नाना. दिपमालेलाही सांगितले नाही. एवढेच नव्हे, तर आपण जाता जाता म्हणालात की ती बाई काहीतरी संस्कृतात बोलली, काय ते आपणास समजले नाही, तुझ्यासारख्याला समजले असते. ती काय बोलली असेल, हे ठरवण्यात माझा अख्खा चातुर्मास गेला. अखेर चहा आणायला निघालेल्या पुरुषास उद्देशून मंदाक्रांतेत एक श्लोक सिद्ध झाला. तो इतका सुरेख उतरला आहे की तो मी रचला, हे मी स्वतःही मधूनमधून विसरतो.

तर धुळे. एसटीने एरंडोल, पारोळा करत मी पोचलो. सभागृह चांगले होते, पंखे फिरत होते, आणि श्रोत्यांत आमचे नातेवाईक नसलेलीही काही माणसे होती. संयोजक हिलालभाऊ उत्साही गृहस्थ. प्रत्येक लेखकाची ओळख ते 'खानदेशच्या मातीतला अस्सल' अशी करून देत होते, त्यामुळे आम्ही सगळे मुळ्याच्या जुडीसारखे दिसू लागलो. व्यासपीठामागे आगामी कादंबऱ्यांची मुखपृष्ठे फलकावर मोठी करून लावली होती. माझ्या मुखपृष्ठावर मालगाडी, केळीचा घड आणि पाठमोरी स्त्री. शेजारच्या दोन फलकांवर पडदे होते, कारण त्यांचे अनावरण व्हायचे होते. माझ्या फलकाला पडदा पुरला नाही, असे हिलालभाऊंनी सांगितले. त्यात मी शुभशकुन पाहिला. आमचे ज्योतिष कच्चे आहे.

प्रथम नूतनताई बोलल्या. या दीपनगरच्या, यजमान वीज केंद्रात आहेत, आणि रहस्यकथा लिहितात. चेहरा अत्यंत प्रेमळ, आणि प्रत्येक पुस्तकात निदान चार माणसे मारतात. माझी प्रेरणा, त्या म्हणाल्या, एका वृद्ध शेतकऱ्याने मला विश्वासाने सांगितलेली सत्य घटना आहे. केळीने भरलेली वॅगन. पानांखाली एक स्त्री. रखवालदाराला वाटते ती झोपली आहे. इटारसीला तो तिच्यासाठी चहा आणायला उतरतो, आणि उतरताना त्याच्या ध्यानात येते की खंडव्यापासून तिचा श्वास चाललेलाच नाही. पडदा सरला. मालगाडी, केळीचा घड आणि एक निळसर हात. 'थंड वॅगन'.

मी स्वतःची समजूत घातली. केळी पुष्कळ जातात, गाड्या पुष्कळ धावतात, आणि इटारसीला चहा मिळतो हे काही गुपित नाही. (संस्कृत शिकलेल्या माणसाला योगायोगाचे फार वावडे नसते. आमच्या नाटकांतले निम्मे विवाह योगायोगानेच जुळतात.) तेवढ्यात शिरपूरचे धनसिंगभाऊ उठले. ट्रॅक्टरचे विक्रेते, मिशा भरघोस, आणि कादंबऱ्यांत प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी गोळीबार. एका नानांनी, ते म्हणाले, मला मळ्यात भरीत खाऊ घालून आपल्या आयुष्यातली जी गोष्ट कोणाला सांगितली नव्हती ती सांगितली.  मग वॅगनमध्ये बाई निघाली. तिच्या कमरेला पिस्तूल. ती एका दरोडेखोराची मुलगी. इटारसीला नाना तिच्यासाठी चहा आणायला उतरतात, आणि दोन्ही हातांत चहा असल्यामुळे त्यांना गोळी चुकवता येत नाही. पडदा सरला. मालगाडी, घड, पिस्तूल. 'इटारसीची गोळी'.

(नाना, आपणास गोळी लागली होती हे मला ठाऊक नव्हते. मामींना तरी ठाऊक आहे का?)

विद्वान म्हणून मला शेवटी ठेवले होते. मागे माझा फलक उघडाच होता, म्हणजे विषय बदलण्याचीही सोय नव्हती. मी उभा राहिलो. आमच्या शास्त्रात काव्याची कारणे तीन मानली आहेत, प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास. चौथे कारण वांग्याचे भरीत हे मला त्या क्षणी कळले. मी केळ असे म्हणायचे टाळून रंभा म्हणालो, इटारसी न म्हणता मध्यप्रदेशातील एक स्थानक म्हणालो, चहाच्या जागी उष्ण पेय ही योजना केली. श्रोते एकमेकांना कोपराने ढोसू लागले. मी श्लोकापर्यंत आलो तेव्हा पुढच्या रांगेतल्या एक आजी शांतपणे म्हणाल्या, "त्या मानूसले चहाकरता तीनदाव उतरानी काय गरज व्हती?" मग जे हसू उसळले त्यात माझा मंदाक्रांता वृत्तातला चौथा चरण वाहून गेला. हिलालभाऊंनी ध्वनिक्षेपक हाती घेऊन, तिन्ही पुस्तके एकत्र घेतल्यास प्रवास पूर्ण होईल, असे जाहीर केले. त्यांचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूंचा मला हल्ली फार त्रास होतो.

चहाच्या वेळी (कोणीही चहा घेतला नाही) आम्ही तिघे कोपऱ्यात एकमेकांवर धावून गेलो. आधी मला सांगितले, नाही मला. मी भाचा आहे, हा मुद्दा मी मांडला. मामींनी घरी नेण्यासाठी डब्यात भरीत बांधून दिल्याचा मुद्दा नूतनताईंनी मांडला, आणि तो जड पडला. मला मामींनी कधी डबा दिलेला नाही. मग कळले की प्रत्येकाला विहिरीवर नेले होते, प्रत्येकापाशी तीच आण होती, आणि तिघांनीही ती पाळली होती. आमच्यापैकी एकाने जरी बायकोपाशी, नवऱ्यापाशी वा शेजाऱ्यापाशी तोंड उघडले असते, तरी हे वेळेत फुटले असते. आम्ही शब्दाचे पक्के निघालो, ही आमची चूक. धनसिंगभाऊ मिशीवरून हात फिरवत मला म्हणाले, "सर, तुमनी बाई संस्कृत बोलस, मनी बाई गोया झाडस, आनि मॅडमनी बाई ते मरी जायेल शे. मंग केळी कोन खाई ऱ्हायंतं?"

परतीच्या एसटीत मला या प्रश्नाचेच सर्वांत जास्त वाईट वाटले. इतके दिवस लोक मला विचारत नव्हते म्हणून मी दुःखी होतो. आता विचारतील. बाजारात मला थांबवून, सर, चहा मिळाला का, असे विचारतील. माझी बहुतेक प्रकरणे तयार आहेत, मुखपृष्ठ तयार आहे, अर्पणपत्रिका आपल्या नावाची आहे, आणि ही कादंबरी मी छापली तर तिसरा होईन, न छापली तर पुन्हा संस्कृतचा सर. एखाद्या माणसाने आपल्या आयुष्यातली एकुलती एक व्यथा अशी जेवणावळीत वाढावी का? ज्याला जशी रुचते तशी फोडणी देऊन? रहस्य हवे त्याला प्रेत, मारामारी हवी त्याला पिस्तूल, आणि मला, आपल्या सख्ख्या बहिणीच्या मुलाला, एक न समजलेला श्लोक? आम्ही छापखान्यात जाऊन स्वतंत्र झालो. आपण तर कागद, शाई, प्रकाशक, सत्य, सगळ्यांपासूनच स्वतंत्र. मेळाव्याचे अध्यक्षपद खरे तर आपणासच द्यायला हवे होते.

यापुढे आपल्या मळ्यात भरीत खाणार नाही. अर्पणपत्रिका बदलत आहे. ही गोष्ट आपण चौथ्या कोणास सांगितल्यास आपला व माझा संबंध केवळ लग्नकार्यापुरता राहील. मामींस नमस्कार सांगावा. आपणास सुरुवातीस केला आहेच, तो परत घेता येत नाही याचा खेद वाटतो.

आपला (व्याकरणापुरता),
अमृत

ता. क. पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मामींना फोन केला. खांद्याची चौकशी करून मग सहज इटारसीचा विषय काढला. त्या म्हणाल्या की आपणास आगगाडी लागते, भुसावळलासुद्धा आपण बसने जाता, आणि केळी वॅगनमध्ये चढवून झाली की रावेर स्थानकावरून थेट घरी जेवायला येत असा. कुठली इटारसी, असे त्यांनी मलाच विचारले. मी फोन ठेवला. म्हणजे बाई नव्हतीच. मी शपथेवर सांगतो, मला त्या क्षणी रागापेक्षा सुतकात असल्यासारखे वाटले.

ता. ता. क. तरीही, नाना, एवढे कळवावे. पुढे ती कुठे उतरली? दिल्लीला वॅगन उघडली तेव्हा काय झाले? खरे काय ते मुळीच नको. माझी शेवटची दोन प्रकरणे अडली आहेत, मी पाच तऱ्हांनी लिहून पाहिली आणि एकीतही ती उतरायला तयार होत नाही. आपण सांगाल तिथे ती उतरेल. ज्या आवाजात विहिरीवर सांगितलेत, त्याच आवाजात सांगावे.

पु. ता. क. आत्ताच धनसिंगभाऊंचा फोन येऊन गेला. त्यांचेही शेवटचे प्रकरण अडले आहे आणि नूतनताईंचेही. त्यांच्या जीपने आम्ही तिघे येत्या रविवारी भरिताला येत आहोत, मामींना कळवावे. तिघांसमोर आपणास एकच शेवट सांगावा लागेल, असे त्यांचे म्हणणे, आणि मी ते मान्य केले. मात्र मी जीपने येणार नाही. सकाळच्या गाडीने त्यांच्या आधी रावेरला उतरेन आणि स्थानकावरून सरळ विहिरीवर येईन. आपण तिथे एकटे असावे. त्यांना काय सांगायचे ते आपण नंतर खुशाल सांगा.