टाकीतले जंतू तृप्त आहेत

३ मार्च
सांडपाण्याच्या प्लांटचा चार्ज अखेर माझ्याकडे. सासरे गेले, त्यांची खुर्ची मला मिळाली. संकल्प: यापुढे सगळं शास्त्रशुद्ध. टाकीतले जंतू किती ऑक्सिजन घेतात ते मीटरवर बघायचं, तेवढीच हवा सोडायची. घाण खाऊन पाणी साफ करणारे हे जंतू सासऱ्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले. बायको म्हणते, बाबांचं आता तेवढंच उरलंय, जपा. जपणारच. मी काय ऐरागैरा आहे?

५ मार्च
मीटर झकास. फक्त खुर्चीत बसलं की मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं. पंख्याचा वारा असेल. पंखा बंद होता, पण ते असो.

९ मार्च
जंतूंचा श्वास मंदावला. म्हणजे पोटं भरली! हवा कमी केली. विजेची बचत. साहेबांना कळवलं, ते ‘गुड’ म्हणाले. सासरे अशा वेळी नमुन्यात ताजं सांडपाणी घालायचे. म्हणायचे, जावईबापू, आधी घास देऊन बघा. श्वास वाढला तर नुसते भुकेले होते, नाही वाढला तर आजारी आहेत. जुन्या पद्धती. वेळ कोणाला आहे?

१० मार्च
टाकीवर वाकलो तर कानाशी स्पष्ट ऐकू आलं: जावईबापू, घास. उद्यापासून कानात कापूस.

११ मार्च
श्वास आणखी मंद. हवा आणखी कमी. कुठल्याशा कारखान्याचं हिरवट पाणी आत येतंय. रंग छान आहे.

१२ मार्च
बायकोने विचारलं, कसे आहेत? म्हटलं, तृप्त. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं.

१४ मार्च
टाकी काळी, वास कुजका. मीटर बिघडल्याची तक्रार केली. मग उगाच, केवळ सासऱ्यांच्या समाधानासाठी, घास दिला. मीटरचा काटा हलला नाही. पुन्हा दिला. नाही हलला. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

१५ मार्च
दुसऱ्या प्लांटवरून टँकरने जिवंत गाळ, म्हणजे नवे जंतू, येणार. आमचा उपसून टाकायचा. बायको टाकीपाशी येऊन उभी राहिली. मी समजूत घातली, त्यांना त्रास झाला नसेल गं, श्वास शांत होत गेला.

ती म्हणाली, “दवाखान्यात बाबांजवळ बसला होतात तेव्हाही हेच म्हणालात. श्वास शांत झालाय, तू घरी जाऊन झोप. आणि मी गेले.”

हवा पूर्ण सोडून ठेवली आहे. मीटर ठीक आहे म्हणे. हवा कोणी घेत नाही.