गडग्यावरची पेस्टी

३ फेब्रुवारी, सोमवार
सगळे बरे आहेत ना? उजवा गुडघा — रुसलेला. डावा — बरा. मांजर — जाड. भट्टी — खोकते, पण पेटते. माझ्या पबची तब्येत मात्र तोळामासा.

भाचा कॉलिन हिशेब बघून गेला. "आत्या, टेबलाशी बसून खाल्लं की शंभरावर वीस सरकारचे. ते तू गिऱ्हाइकाकडून घेतच नाहीस, पदरचे भरतेस! असंच चाललं तर स्वयंपाकघर बंद करावं लागेल."

म्हटलं, मग एनॉक जेवेल कुठं? बायको गेल्यापासून दुपारी माझी पेस्टी, मांस-बटाटा-कांद्याची ती मोठी करंजी, इथंच बसून खातो.

"मोठ्या दुकानात थंड पेस्टी मिळते की! तिच्यावर करही नाही."

कॉलिनला चहा दिला. बिस्किट नाही दिलं.

५ फेब्रुवारी
भाव वाढवला. फळ्यावर लिहिला. मासेमार जागो होडीवरून थेट आत आला, वाचून म्हणाला, "लव्हडेबाई, पेस्टीत सोनं घातलंस का गं?" — "नाही रे मेल्या, सरकार घातलंय."

जेवायला एनॉक. आणि मांजर.

१० फेब्रुवारी
कॉलिनचा फोन. युक्ती सांगतो. पेस्टी भट्टीतून काढायची, आपसूक निवू द्यायची, खिडकीतून विकायची. घेऊन गेले — कर नाही. गरम ठेवली — कर. आत खाल्ली — कर. आपल्या अंगणातल्या बाकावर खाल्ली — तरी कर! देवानं कणीक एकच केली, हे बाकीचं माणसांनी.

फळ्यावर आता दोन ओळी. 'आत बसून.' 'घेऊन जाऊन.'

११ फेब्रुवारी
गाव लबाड. खिडकीतून थंड घेतात, वळसा घालून पुढच्या दारानं आत!

"जागो, कोटात काय आहे?"

"काळीज आहे गं."

"त्याला कांद्याचा वास येतोय."

शेवटी दारावर पाटी लावली — बाहेरचं खाणं आत आणू नये. माझीच पेस्टी, आणि मीच तिला दारात अडवते!

१७ फेब्रुवारी
सगळा गाव समोर चर्चच्या गडग्यावर बसून जेवतो. समुद्राचा वारा कान कापतोय, पण हसताहेत मेले! आत एनॉक एकटा, पुरा भाव मोजून. तो गडगा त्यानंच रचलेला — चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड.

"बसायला नाही रचला," एवढंच बोलला.

प्रत्येकाच्या पेस्टीच्या कोपऱ्यावर त्याचं अक्षर कणकेचं चिकटवते मी. इथले पुरुष खाणीत उतरायचे तेव्हापासूनची रीत, अर्धी ठेवली तरी कुणाची ते कळावं. आता लोक कोपरे गडग्यावरच टाकतात. जागोचं नाव समुद्रपक्षी खातात.

२१ फेब्रुवारी
गडग्याचे वरचे दगड ढासळले, जागोसकट. जागो धड. पेस्टी गेली.

एनॉक जेवण अर्धं टाकून गेला, दगड पुन्हा बसवून आला. बोटं निळी. ताजी गरम पेस्टी पुढ्यात ठेवली, पैसे नको म्हटलं. "फुकट दिलीस तर भाचा रडेल," म्हणाला, आणि मोजले.

२६ फेब्रुवारी
ठरलं. शनिवारपासून आतलं जेवण बंद. खिडकी तेवढी चालू. एका माणसासाठी रोज टेबल मांडणं परवडत नाही, हे मलाही कळतं.

एनॉकला मीच सांगितलं. त्यानं 'ए'चा कोपरा शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. "बरं," म्हणाला. टोपी घालून गेला.

बरं!

२७ फेब्रुवारी
एनॉक आला नाही. त्याची पेस्टी मांजरालाही दिली नाही.

१ मार्च, शनिवार
फळ्यावरची 'आत बसून' पुसायला गेले. खाली तिसरी ओळ, दगड रचावे तशी अक्षरं —

'माझ्या घरी, गरम, टेबलाशी बसून — कर नाही. खुर्च्या दोन आहेत. दुसरी रिकामी.'

"आम्ही काही वाचलं नाही हं," जागो दारातून ओरडला. मागे निम्मा गाव.

त्याखाली बारीक अक्षरात — 'उत्तर फळ्यावर नको. पेस्टीच्या कोपऱ्यावर लिही. पण लवकर लिही.'

पीठ चाळायला घेतलंय.