हो की नाही, एवढंच सांगा

प्रिय युनसल,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या शाळेच्या वाचनालयातल्या बाईंकडे पाठवतेय. त्यांना मी आधी विचारलंय, तेव्हा चिडू नकोस. फोनवरही सांगता आलं असतं. पण हल्ली फोनवर बोलताना मला मध्ये कुणीतरी तिसरं कान देऊन बसल्यासारखं वाटतं, आणि घरच्या ग्रुपवर तर आई माझ्या प्रत्येक ओळीखाली हृदय टाकते. तिला कळायच्या आधी तुला कळायला हवं, असं काही आहे. वाचताना मध्येच सोडू नकोस.

परवापासून मला किमचीचं लोणचं घातलं तो दिवस आठवतोय. आई खारवलेला जवळा आणायला बाजारात गेली होती. आपण दोघी अंगणात कोबीच्या पानापानाला मीठ चोळत बसलो होतो, आणि तू एकदम हसत हसत सांगायला लागलीस. वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत बाकं जोडतात. कागद दुमडून पाट्या करतात, ‘माननीय सदस्य हारिन’ वगैरे. तुला समोर उभं करतात, उजवा हात वर करून शपथ घ्यायला लावतात. मग एकेकीचा नंबर. “काल जेवायला माझ्या शेजारी बसायची परवानगी तुम्हाला कुणी दिली? हो की नाही, एवढंच सांगा!” तू तोंड उघडलंस की बाक बडवायचं, “माझा वेळ खाऊ नका!” तू म्हणालीस, “ताई, हारिन काय भारी करते गं, अगदी टीव्हीवरच्यासारखं.” तू हसत होतीस, पण एकाच पानाला पुन्हा पुन्हा मीठ चोळत होतीस. ते पान मी नंतर गुपचूप धुतलं.

तुला वाटलं असेल, मला ते फार मोठं वाटलं नाही. तसं नव्हतं. मी तो आवाज ओळखला होता. त्या आवाजाच्या मागच्या खुर्चीत मी बसते.

दर शरद ऋतूत संसदेत सरकारी खात्यांची झाडाझडती होते, ती तू पाहिली आहेस. आईने ती चित्रफीत कालवं सोलायच्या शेडमधल्या सगळ्या बायकांना दाखवली होती, “ती बघा, मागे फायली घेऊन बसलीय ती माझी थोरली.” आमचे खासदार यॉम साहेब त्या दिवशी शिक्षण खात्याच्या एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याला विचारत होते. विषय शाळेतली दादागिरी. “पोरं रडतात तेव्हा तुम्ही झोपा काढता? हो की नाही, एवढंच सांगा!” तो माणूस काहीतरी सांगू पाहत होता. त्याच्याकडे खरंच काही सांगण्यासारखं होतं, त्याची टिपणं मला दिसत होती. साहेबांनी टेबल बडवलं. “माझा वेळ खाऊ नका! उभे राहा!” म्हातारा उभा राहिला. आमच्या ऑफिसातल्या मुलांनी त्याला ढोलाचं संगीत लावून चित्रफीत सोडली आणि देशभर पोरांनी ती पाठ केली. दादागिरीविरुद्ध लढणारा माणूस म्हणून साहेबांचं नाव झालं ते तिथून.

त्यांचा कायदा चांगला आहे, युनसल. हे मी मुद्दाम लिहितेय. प्रत्येक शाळेत एक समुपदेशक, तक्रार करणाऱ्या मुलाचा वर्ग बदलायचा नाही, त्रास देणाऱ्याचा बदलायचा. ती कलमं वाचूनच मी या ऑफिसात अर्ज केला होता. मला वाटायचं, ज्याच्या हातून असं काही लिहिलं जातं त्याचा हात चांगलाच असणार. निवडणुकीच्या वेळी आम्ही सकाळी चौकात उभे राहायचो. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला कमरेतून वाकून नमस्कार करायचे आणि वाकलेले असतानाच, ओठांवरचं हसू जराही न हलवता, मला म्हणायचे, “ए बावळट, गळ्यातला नावाचा पट्टा वाकडा झालाय माझा, दिसत नाही? डोळे गावी ठेवून आलीस का?” मग सरळ होऊन पुढच्या गाडीला हात हलवायचे. मला वाटायचं दमलेत बिचारे. आमच्याकडे सगळेच असं समजून घेतात. मुख्य सहायक बांग सर तर नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, “साहेब ज्याला शिव्या देतात ना, त्याला आपला मानतात. मला बघा, मी तर सख्खा!” आणि सगळे हसतात. तू अंगणात हसलीस ना, तसंच.

आता आईचं. तिच्यावर रागावू नकोस. गरिबांना वाटायची किमची करायला साहेब आपल्या गावात आले होते, ॲप्रन आणि लाल रबरी हातमोजे घालून. फोटोपुरती दोन-चार पानं भरली असतील. आई तिथे कामाला होती. तिने धीर करून सांगितलं, “साहेब, माझ्या धाकटीला शाळेत छळतात हो.” त्यांनी तिखटाने माखलेल्या हातांनी तिचे हात धरले. तो फोटो आता फ्रिजवर आहे, तू रोज बघत असशील. आईला मी सांगितलं ते एवढंच, छळतात. कसं छळतात ते तिला माहीतच नाही.

ते बांग सरांना मी सांगितलं. त्यांनी काळजीने विचारलं, मीही मन मोकळं केलं. बाकं, पाट्या, शपथ, सगळं. “हो की नाही”पर्यंत आले तेव्हा त्यांनी उठून दार लावलं. मग विचारलं, “हे अजून कुणाला ठाऊक आहे? वर्तमानपत्रवाल्यांपैकी कुणी?” तुझं नाव विचारलं नाही, तू जेवतेस का झोपतेस का ते विचारलं नाही. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय, आणि त्यानंतर जे जे झालं ते मी त्याच नजरेने बघतेय. तुझी तक्रार तपासणाऱ्या शाळेच्या समितीने एकाएकी “मैत्रिणींमधला नागरिकशास्त्राचा खेळ” असा निष्कर्ष काढला. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांचा आमच्या ऑफिसात फोन आला होता. मीच उचलला आणि बांग सरांनी माझ्या हातातून घेतला. मग शुक्रवारचा समारंभ ठरला. मंचावर साहेब, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला हारिन. हातात हात, गळ्यात फुलं, आणि तू म्हणायचं की साहेबांमुळे तुला बळ मिळालं. कदाचित हे सगळं योगायोगाने जुळलं असेल. मी संशयी झालेय, हे खरं आहे. पण जिन्यात बांग सर कुणाला तरी सांगत होते ते मी ऐकलं, “पोरगी एकदा साहेबांशेजारी हसली की कुणाची बिशाद आहे ती चित्रफीत आणि तो खेळ जोडायची?” यात माझ्या संशयाला करण्यासारखं काही उरलंच नाही.

काल गाडीत मी साहेबांना विचारलं. “साहेब, त्या मुली तुमचीच नक्कल करत होत्या. शुक्रवारी मंचावर तुम्ही हे सांगाल का? एवढं म्हणालात की मीही त्या म्हाताऱ्या गृहस्थांशी तसं वागायला नको होतं, तर माझ्या बहिणीला फुलं नकोत.” मला वाटलं ओरडतील. त्याची मला सवय आहे. ते ओरडले नाहीत. खिडकीबाहेर बघत अगदी मऊ आवाजात म्हणाले, “सोजंग, आपण फार थकला आहात. आपण जरा विश्रांती घ्या.” इतक्या काळात त्यांनी मला पहिल्यांदा ‘आपण’ म्हटलं. चौकात ते गाड्यांशी याच आवाजात बोलायचे.

उतरल्यावर बांग सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “वेडी आहेस का गं? तुमच्या शाळेला समुपदेशक हवाय ना? पहिल्या यादीत नाव घालतो. समारंभ नीट होऊ दे. तुझी आई किती खूश आहे, तिचा तरी विचार कर.” आई खूश आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. घरात शिकलेली मी पहिली, आणि आई शेडमध्ये कुणाशी भांडण झालं तरी “माझी मुलगी संसदेत आहे” म्हणते, हेही मीच कधीतरी कौतुकाने सांगितलेलं. समुपदेशक खरंच मिळाला तर तुझ्यानंतरच्या एखाद्या मुलीला उपयोग होईल. रात्रभर मी दोन्ही पारड्यांत घालून बघितलं. पण तुझं हसू पारड्यात घालायचा हक्क मला नाही, आणि त्यांना तर नाहीच.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते लिहायला मला सांगितलं गेलं होतं. “बहिणीला एक छानसं पत्र लिही,” बांग सर म्हणाले, “हाताने लिही, मोबाईलवर नको. प्रिय युनसल म्हणून सुरुवात कर, घाबरू नकोस, साहेब आपल्या पाठीशी आहेत, असं. शुक्रवारी साहेब स्वतः मंचावर वाचतील. लोक रडतील बघ.” आज दुपारी त्यांना ते हवं होतं. मी त्यांच्या टेबलावर एक पाकीट ठेवून आले. त्यात माझा राजीनामा आहे, आणि का देतेय तेही सगळं लिहिलंय. त्याची एक प्रत त्या म्हाताऱ्या अधिकाऱ्यांना पाठवली. शुक्रवारी मंचावर जायचं की नाही हे तू ठरव. गेलीस तरी मी रागावणार नाही, पण हे माहीत असून जा. आईला तू काही सांगू नकोस, ते माझं काम आहे. गुरुवारच्या बसने मी येतेय. नेहमीची छोटी बॅग नाही, गादीसकट सगळं सामान घेऊन. स्टँडवर ये, मला एकटीला उचलणार नाही.

तुझीच,
सोजंग ताई