बूट काढलेली बाई

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज एक दिवसाआडचं पाणी आलं म्हणून चार गोधड्या धुतल्या. खांदे गळून गेलेत, पेन धरवत न्हाई. तरी लिहिते, कारण मी लई खूश हाय.

नात सई जपानी चित्रांची पुस्तकं वाचते. आताची गोष्ट बक्षीस लावलेले गुन्हेगार पकडणाऱ्या एका बाईची. पुस्तक जपानीवरून इंग्रजीत केलेलं, म्हणून सई मला मराठीत सांगत जाते. पण काल म्हणाली, "आजी, तुला सांगत बसलं की माझी मजा जाते." वाईट वाटलं. तिच्याशेजारी बसायला मला दुसरं काय निमित्त हाय?

मला त्यातली पळापळ आवडते. त्या पानांवर अक्षरंच नसतात, नुसती चित्रं. मग मी सईच्या बरोबरीनं पळते.

आज गुपचूप शेजारी बसले. बाईनं गुन्हेगाराला गाठलं, दोघं भिंतीला टेकली. सई म्हणाली, "आता मारणार त्याला."

"न्हाई मारायची. बूट काढलेत बघ तिनं."

"मग?"

"तुझा बाप चाकणहून शिफ्ट करून आला की बूट काढतो. मग भांडतो का कुणाशी? दमलीय गं ती."

सईनं बूट पुन्हा बघितले. तिला दिसलेच नव्हते. नाड्यासुद्धा नीट सोडलेल्या. पान उलटलं तर काय, दोघं एकाच बाटलीतलं पाणी पीत बसलेली!

पुढच्या पानावर पोरगी थांबली. "आजी, तुझं बघून झालं का? उलटू?"

झालं होतं. तरी म्हटलं, थांब जरा.