बाभळीची पाचर

निमोणे, मंगळवार, १७ फेब्रुवारी १९९८, संध्याकाळ

करवतीची मोटर जळाली. ओल्या लाकडात पातं अडकलं की स्टार्टर मोटर बंद करायचा. सारखं काम थांबतं म्हणून कालच मी स्टार्टरमध्ये बाभळीची पाचर ठोकली. आज पातं अडकलं, मोटर नुसती घुमत राहिली आणि धूर निघाला.

गेल्याच महिन्यात गावात मोटरी दुरुस्त करणाऱ्या आप्पांनी तिचं वाइंडिंग केलं होतं, आत नवी तार भरली होती. ते यायच्या आत पाचर खिशात घातली. का? भ्यालो, दुसरं काय!

आप्पांनी जळकी तार बघितली, चष्मा पुसला. म्हणाले, "माझंच चुकलं असंल. नजर पह्यल्यावानी न्हाई राहिली. सोडतो आता हे काम."

पाचर मांडीला टोचत होती. तेव्हा तरी सांगायचं होतं.

मी म्हणालो, "व्हय आप्पा, वय झालं की व्हतंच असं."